ठिपक्याचा कोट

ठिपक्याला तुम्ही किती ओळखत होतात, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायची चौकटवाल्याला लाज वाटेल. भिंतीला भिंत लावून दोघांचं आयुष्य गेलं. अलीकडे चौकटींचं दुकान, पलीकडे फोटोचा स्टुडिओ आणि मधली भिंत इतकी पातळ की तिकडे कुणी खोकलं की इकडच्या काचा वाजायच्या. पण ठिपक्याला खायला काय आवडायचं, तो कशाला भ्यायचा, एकटा असताना काय गुणगुणायचा, यातलं चौकटवाल्याला काहीच ठाऊक नाही. त्याचे डोळे काळे होते की घारे, हेही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्याची पाठ मात्र शंभर माणसांत ओळखली असती. ती पाठ त्याने स्वतःच्या हाताने कितीदा तरी काचेखाली बसवली होती. तेव्हा पुढे जे आहे ते पाहिलेलं थोडं आणि ऐकलेलं जास्त. काही चुकलं असेल तर ती चूक सांगणाऱ्याची.

ठिपका हा स्टुडिओवाल्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर बहिणीच्या दारात आला तेव्हा त्याच्यापाशी एक पत्र्याची पेटी होती आणि अंगावर वडिलांचा कोट. काळा, जाडाभरडा, गुडघ्याच्या खाली येणारा. कोट आधी आत आला आणि मागून मुलगा आला, असं ताई पुढे हसून सांगायची. बहिणीच्या नवऱ्याला तो दाजी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणायला लागली. त्या दिवशी दाजींनी दारातच त्याला न्याहाळलं. चेहऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते कोटाकडे बघत होते.

"फीर जरा," दाजी म्हणाले.

तो फिरला.

"मान किंचित खाली. हां. असाच उभा राहायला येईल?"

"किती वेळ?"

"मी सांगेन तोवर."

"येईल की," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

"मग राहा इथे. पण हे घर म्हणजे धर्मशाळा नाही, आधीच सांगून ठेवतो. बर्फात उभा राहशील तोवर ताट वाढलेलं मिळेल. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी पेटी उचलायची."

आत ताई भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. एवढाच काय तो तिचा विरोध.

दाजी लग्नाचे, बारशाचे फोटो काढत नसत. त्यांना माणसांचा कंटाळा होता. ते फक्त हिवाळ्याचे फोटो काढत. बर्फाखाली गेलेला माळ, एका रांगेत उभी निष्पर्ण झाडं, गोठलेलं तळं, गिरणीच्या मागचं काटेरी कुंपण. ही चित्रं कॅलेंडरवाले घेत, बँकवाले घेत, दवाखान्यांत आणि दिवाणखान्यांत ती लागत. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसा दुरून हिवाळाही साजरा असतो. ज्याच्या खोलीत शेगडी पेटलेली असते त्याला तो फार आवडतो. पण नुसता रिकामा बर्फ कुणी विकत घेत नाही, हे दाजींच्या लवकर लक्षात आलं होतं. त्यात एक माणूस लागतो. लांबवर, एवढासा, पाठमोरा. "माणूस जाताना दिसला की बघणाऱ्याला आपलं कुणीतरी आठवतं," दाजी म्हणत. "येताना दिसला की वाटतं, हा काहीतरी मागायला येतोय."

तो एवढासा माणूस म्हणजे मेहुणा. म्हणून त्याला ठिपका म्हणायला लागले. आधी दाजी, मग गल्ली, शेवटी ताईसुद्धा.

काम ऐकायला सोपं होतं. नवा बर्फ पडला आणि त्यावर कुणाचं पाऊल उमटलं नाही तोच दाजी तीन पायांची घोडी आणि पेटीएवढा कॅमेरा घेऊन माळावर जात. ठिपक्याने सरळ रेषेत चालत जायचं, सांगितल्या जागी थांबायचं, पाठ करून, मान खाली घालून उभं राहायचं. त्याच्यामागे पावलांची रांग उरायची. ती एकदाच उमटते. चुकली तर पुन्हा बर्फ पडेपर्यंत दुसरी नाही. मग दाजी ढगांची वाट बघत, उन्हाची वाट बघत, काच पुसत, हात चोळत, आणि ठिपका तिकडे उभा. काम झालं की दाजी शिट्टी वाजवत. पण शिट्टी झाली तरी ठिपक्याने मागे यायचं नव्हतं, कारण परतीच्या पावलांनी रांग बिघडली तर दुसरा फोटो घेता येत नाही. त्याने तसंच पुढे जायचं, कुंपणापाशी बाहेर पडायचं आणि गिरणीच्या पुलावरून सगळ्या माळाला वळसा घालून घरी यायचं. तो घरी पोचेस्तोवर दाजींचं जेवून, हात धुऊन, पाठ टेकवूनही झालेलं असे.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा त्याला राहवलं नाही. शिट्टी झाली आणि तो स्वतःच्याच पावलांत पावलं टाकत सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला, हसत, हात हलवत. बऱ्याच दिवसांत कुणाच्या समोरून चालला नव्हता बिचारा. दाजींनी घोडी मिटली आणि घरची वाट धरली. त्या दिवशी घरात तीन माणसं जेवायला होती आणि ताटं दोन मांडली गेली.

पुन्हा त्याने तसं केलं नाही.

उरलेला वेळ तो स्टुडिओच्या मागच्या खोलीत असे. तिथे फोटो तपकिरी व्हायचे. काळापांढरा बर्फ घरात लावायला लोक कचरतात, तपकिरी केला की त्याच बर्फावर चहा सांडल्यासारखी ऊब येते. ते काम दाजींना वासामुळे जमत नसे, म्हणून ठिपक्याकडे. चौकटवाल्याने ते एकदाच पाहिलं. तयार झालेला फोटो ठिपका एका तबकात सोडायचा. त्यातल्या पिवळट पाण्यात झाडं विरत जायची, कुंपण जायचं, शेवटी उभा माणूस जायचा, आणि हातात जवळजवळ कोरा कागद राहायचा. तो धुऊन दुसऱ्या तबकात सोडला की सगळं परत यायचं, पण तपकिरी होऊन. या दुसऱ्या पाण्याला नासक्या अंड्यांचा वास.

"बघा चौकटराव," ठिपका म्हणाला, "आधी मी मरतो, मग मी उगवतो. घाण मात्र दोन्हीकडे माझीच."

तो वास त्याच्या केसांत, कपड्यांत, कोटात भरून राहिला होता. बँकेत गेला की कारकून त्याला "जरा दाराजवळ थांबा" म्हणायचा. दाराजवळ भिंतीवर त्याचंच चित्र असायचं. खाली हा समोरून, वर हा पाठमोरा. दोघांचा संबंध आहे, हे त्या कारकुनाच्या कधी लक्षात आलं नाही आणि यानेही सांगितलं नाही.

ताईने एकदा त्याच्या लग्नाचा घाट घातला होता. स्थळ चांगलं होतं. मुलीकडच्यांनी फोटो मागितला. ताई नवऱ्याच्या मागे लागली, एक काढा, एकच, तोंडाचा. दाजी म्हणाले, त्याच्या तोंडावर वाया घालवायला माझ्याकडे फोटोची काच नाही, आणि आहे की फोटो! त्यांनी गोठलेल्या तळ्याचं एक मोठं चित्र पाकिटात घालून पाठवून दिलं. त्यात ठिपका म्हणजे मुंगीएवढा, तोही पाठमोरा. मुलीच्या बापाने उलट निरोप पाठवला: मुलगा काही नीट दिसला नाही, पण चित्र फार आवडलं, ठेवून घेतो. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. जावई ते चित्र चौकट करायला याच दुकानात घेऊन आला. ठिपका तेव्हा काचा पुसायला हात लावत होता.

"हे आमच्या हिच्या माहेरचं," जावई म्हणाला. "चौकट साधीच करा, पण मजबूत."

"मजबूत करा हो," ठिपका म्हणाला. "मला यांच्या भिंतीवर जन्म काढायचाय."

जावई कसनुसं हसला. त्याला काही कळलं नाही. तो गेल्यावर ठिपकाही हसला, आणि पुष्कळ वेळ हसत राहिला.

अशी वर्षं गेली. दोघांचेही केस पांढरे झाले. मग एका हिवाळ्यात ठिपका डावा पाय ओढायला लागला.

बूट चावतो म्हणाला. मग म्हणाला, मुरगळलाय. चौकटवाल्यानेच त्याला जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बूट काढायला लावला, मोजा काढायला लावला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, वाळलेल्या शेंगेसारखं.

"बर्फात काम करता?"

"उभा असतो."

"कशासाठी?"

ठिपक्याने डॉक्टरांच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बर्फ, झाडं, माणूस. "असंच," तो म्हणाला.

"हे बघा, त्या चित्रातल्या माणसासारखं बर्फात उभं राहणं आता बंद. चित्रातल्याचं ठीक आहे, त्याला कुठे बोटं आहेत! ही दोन गेल्यात जमा. पुन्हा गेलात तर पाय जाईल."

बाहेर आल्यावर ठिपका म्हणाला, "चौकटराव, हे घरी बोलायचं नाही."

"अरे, पाय जाईल म्हणताहेत."

"पाय गेला तर काठी मिळते. ताट गेलं तर काय मिळतं?" मग जरा थांबून म्हणाला, "ताई असेस्तोवर मला त्या घरातून निघायचं नाही. बाकी काही नाही माझं."

त्याची सगळी मागणी एवढीच होती. बहिणीच्या घरात, जिन्याखालच्या जागेत, ती असेस्तोवर.

त्या वर्षी बँकेने मोठं काम दिलं होतं: नव्या इमारतीच्या दालनासाठी भिंतीएवढी चित्रं, आणि त्यांचंच कॅलेंडर. ठिपका मोज्यावर मोजा चढवून माळावर गेला आणि उभा राहिला. पण बर्फाला खोटं सांगता येत नाही. उजव्या पायाचे ठसे स्वच्छ उमटले आणि डाव्याची नुसती फरपट, कुणी काठी ओढत नेल्यासारखी. दाजींची नजर आता अधू झाली होती; कॅमेऱ्याच्या काचेत त्यांना ते दिसलं नाही. फोटो धुतल्यावर ते ठिपक्याला दिसलं.

मग त्याने एक युक्ती केली. बारीक कुंचल्याने ते पिवळट पाणी चारही चित्रांतल्या त्या ओढलेल्या रेघेवर लावत गेला. रेघ पुसत गेली. राहिला पांढरा बर्फ आणि एका पायाचे ठसे. त्यांच्यामध्ये हलक्या हाताने दुसऱ्या पायाचे ठसे रंगवता आले असते. पण असं काही कायमचं पुसायचं असेल तर कागद आधी हायपो नावाच्या द्रावणात धुवावा लागतो, नाहीतर गेलेलं सगळं कागदातच दडून राहतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याचा जन्म त्यात गेला होता. पण बाहेर दाजींच्या चपला वाजल्या, "झालं की नाही? बँकेचे साहेब थांबलेत," असा आवाज आला, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताने रोजच्या सवयीने चारही कागद पिवळट पाण्यात बुडवले आणि तिथून थेट तपकिरी पाण्यात सोडले.

झाडं आली. कुंपण आलं. माणूस आला. आणि त्याच्यामागे ती फरपटही आली, चांगली ठसठशीत, नांगरल्यासारखी.

कागद संपला होता. ठिपका ती चित्रं ओलसर असतानाच गुंडाळून दुकानात आला.

"चौकटराव, चित्राभोवती पुठ्ठा लावता ना तुम्ही, तो खालच्या बाजूला जरा रुंद कापा."

"किती रुंद?"

"पावलं झाकली जातील इतका."

"मग राहिलं काय चित्रात? झाडं आणि तू. लटकल्यासारखा दिसशील."

"दिसू दे लटकलेला. कापा लवकर."

चौकटवाल्याने पट्टी ठेवली, पेन्सिलीने खूण केली, आणि तेवढ्यात दाजी आत आले. दुकानाच्या दाराशी उजेड चांगला होता. त्यांनी पहिलं चित्र उचललं, भिंगातून पाहिलं, दुसरं उचललं, तिसरं उचललं.

"हे काय?"

चौकटवाल्याने पट्टी उचलून बाजूला ठेवली.

"मी विचारतोय, हे काय? माझ्या बर्फातून गाढव ओढत नेलंय का कुणी?"

"बूट जरा..." ठिपका म्हणाला.

"काढ."

"दाजी, इथे दुकानात..."

"काढ म्हणतो ना!"

ठिपका स्टुलावर बसला. बूट निघेना. चौकटवाला मदतीला वाकला तर दाजी म्हणाले, "त्याचं त्याला काढू द्या." शेवटी निघाला. दाजी वाकून त्या बोटांकडे बघत राहिले, मघा चित्राकडे बघत होते तसंच, भिंग हातात घेऊन. मग सरळ उभे राहिले.

"म्हणजे ही चारही चित्रं गेली," ते म्हणाले.

ठिपका मोजा चढवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"तुला मी काही बोलत नाही. आजारी माणसाला काय बोलणार? पण मला आता दुसरा बघायला हवा. आणि दुसऱ्याला जागाही लागेल. जिन्याखालची."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ठिपका दारात उभा. चेहरा उजळलेला. रात्रभर जागून काहीतरी सापडल्यासारखा.

"चौकटराव, तुमच्याकडे लाकडाचे उरलेले दांडे असतात ना? एक फुली बनवून द्या. एक उभा, एक आडवा."

"कशाला?"

"माझ्याऐवजी उभी करायला. वर कोट आणि टोपी. लांबून कुणाला कळणार? पाठीला कुठे नाक-डोळे असतात! आणि मी तिला मागच्या बाजूने, कुंपणाकडून नेऊन रोवणार, म्हणजे पुढे पावलांचा प्रश्नच नाही. दाजींना दुसऱ्या माणसाची गरज नाही."

"आणि लोक विचारतील, याची पावलं कुठेत?"

"लोक?" ठिपका म्हणाला. "लोकांनी इतकी वर्षं तोंड कुठे विचारलं?"

मग तो पाठ करून, मान जरा खाली घालून उभा राहिला. "घ्या माप."

चौकटवाल्याने त्याच्या खांद्यावर टेप धरली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मग जमिनीपासून मानेपर्यंत. माणूस केवढासा होता! कोटातच सगळा काय तो रुंद वाटायचा.

"आडवा दांडा डावीकडे जरा उतरता ठेवा," ठिपका पाठमोराच म्हणाला. "माझा खांदा उतरलाय तिकडे. दाजींच्या डोळ्यांना सवय आहे त्याची."

फुली उत्तम झाली. चौकटवाल्याच्या हातचं काम, त्यात खोट नव्हती. माळावर पहिल्यांदा ती उभी केली आणि दाजींनी कापडाखालून काचेत पाहिलं तर ते खूश. घरी येताना दुकानात डोकावून म्हणाले, "उगाच इतकी वर्षं माणूस पोसला हो मी! हा हलत नाही, खोकत नाही, आणि जेवायलाही मागत नाही." ठिपका त्यांच्यामागे फुली खांद्यावर घेऊन उभा होता. तोही हसला. जिन्याखालची जागा वाचली होती.

बँकेच्या साहेबांना नवी चित्रं आधीच्यापेक्षा आवडली. पावलं नाहीत म्हणून तो माणूस कायमचाच तिथे उभा असल्यासारखा वाटतो, असं काहीसं ते म्हणाले.

फक्त एक गोष्ट होती. कोट एकच होता. ताई म्हणाली, फुलीला दुसरा जुना कोट शिवून देते. ठिपक्याने ऐकलं नाही. दुसरा कोट लांबून निराळा दिसेल, दाजींना पटणार नाही, म्हणाला. खरं काय ते त्यालाच ठाऊक. चौकटवाल्याला वाटतं, कोट तरी आपला असावा, म्हणजे चित्रात आपण आहोत असं म्हणता येईल, एवढाच त्याचा हिशेब असावा. पण हे वाटणं झालं. तर तो कोट घालून वळसा मारत कुंपणापाशी जायचा, माळात शिरून फुली रोवायचा, कोट काढून तिला घालायचा, टोपी ठेवायचा, आणि स्वेटरवर कुंपणाच्या मागे येऊन बसायचा. शिट्टी होईपर्यंत. शिट्टी झाली की कोट-टोपी उतरवून, फुली खांद्यावर टाकून लंगडत घरी.

आणि दाजींची ढगांची वाट बघायची सवय काही गेली नव्हती. आता तर समोरचा कुडकुडतही नव्हता. त्यांना कशाची घाई?

शेवटच्या दिवशी वारा होता. कॅलेंडरचं पहिलं पान राहिलं होतं. दाजींना ढगांखालून तिरपं ऊन हवं होतं, म्हणजे कोटाची सावली लांब पडते. ते दिवस कलेपर्यंत थांबले. ऊन आलं. फोटो निघाला. फारच सुरेख निघाला. त्यांनी शिट्टी वाजवली, दोनदा वाजवली, आणि सामान आवरून तसेच बँकेच्या साहेबांच्या घरी गेले. चांगली बातमी गरम असतानाच सांगावी म्हणून. फुली आणायचं काम ठिपक्याचं. त्यांनी मागे वळून पाहायचं काही कारण नव्हतं.

घरी दोघंही आले नाहीत म्हणून ताई शाल घेऊन निघाली. गिरणीच्या पुलापर्यंत गेली. उजेड सरत आला होता. पुलावरून तिला माळ दिसला आणि मधोमध तिचा भाऊ. काळा कोट, मान जरा खाली, डावा खांदा उतरलेला. तिला बरं वाटलं. काम चाललंय अजून, हाक मारली आणि हा हलला तर हे चिडतील, असं तिच्या मनात आलं. तिला फुलीचं ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं भावाला लांबून असंच बघायची सवय असलेली ती. संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांनी जुनंच ते पाहिलं. ती परत फिरली आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.

कुंपण पुलाच्या अगदी खाली होतं. ती उभी होती तिथून हाकेच्या अंतरावर तो बसला होता. तेव्हा त्याच्यात जीव होता की नव्हता, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. ताईने मात्र ते विचारायचं कधी सोडलं नाही. ती प्रत्येकाला विचारायची. चौकटवाल्यालासुद्धा विचारायची, जणू त्याला कळणार होतं.

सकाळी गिरणीवर कामाला जाणाऱ्यांनी माळात माणूस पाहिला. एकाने आरोळी दिली, "ओ काका, गोठायचंय का?" उत्तर नाही. दोघं-तिघं बर्फ तुडवत गेले, खांद्यावर हात ठेवला तर लाकूड. हसले. कुणीतरी कोट चांगला आहे म्हणून काढून घेतला, टोपी डोक्यावर चढवून बघितली. जाता जाता एकाला कुंपणामागे ठिपका दिसला. हात काखेत, गुडघे पोटाशी, पाठ माळाकडे.

दाजी आले. त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मी शिट्टी वाजवली होती." पुढे वर्षभर तेच त्यांचं पालुपद. कुणी काही विचारो न विचारो, मी शिट्टी वाजवली होती. दोनदा वाजवली होती. वारा माझ्या हातात आहे का?

घरात लावायला त्याचा फोटो नव्हता. फोटोग्राफरच्या घरात, ज्याचं चित्र गावातल्या निम्म्या भिंतींवर, त्याच्या तोंडाचा एक फोटो नव्हता. ताई एक दिवस दुकानात आली. हातात ते शेवटचं चित्र होतं, लांब सावलीचं.

"याला चौकट कर भाऊ," ती म्हणाली. "शेवटचा फोटो त्याचा."

चौकटवाल्याने चित्र उजेडात धरलं. आडव्या दांड्याची डावी बाजू त्याला स्पष्ट ओळखू आली. त्याने स्वतः रंधा मारला होता त्यावर. त्याने मापाची पट्टी उचलली. तिनेच मग हळू आवाजात म्हटलं, "कोट तर त्याचाच आहे ना रे?"

"त्याचाच आहे," तो म्हणाला.

ते चित्र काळंपांढरंच होतं. तपकिरी करणारं कुणी उरलं नव्हतं. दाजींनी एकदा प्रयत्न केला, वासाने त्यांना मळमळलं आणि त्यांनी दोन्ही तबकं मोरीत ओतली. कॅलेंडरचं पहिलं पान तसंच छापून गेलं. बँकेकडून तक्रार आली की चित्रं सगळी छान आहेत, पण पहिला महिना तेवढा गार दिसतो.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी ठिपका दुकानात आला होता. फुली काखेत, कोट अंगात, नाक लाल. आडवा दांडा ढिला झाला होता.

"एक खिळा मारून द्या," तो म्हणाला. "वाऱ्याने डुलतो. फोटो हलला तर दाजी मलाच बोलतात."

चौकटवाल्याने खिळा ठोकला. मग खात्रीसाठी आणखी एक ठोकला. ठिपक्याने फुली जमिनीवर उभी करून हलवून पाहिली.

"आता घट्ट आहे."

"बस की जरा. चहा टाकतो."

"नको. उजेड जाईल."

"बरं. दार ओढून घे, गार येतंय."

"घेतो," ठिपका म्हणाला, आणि जाताना त्याने दार नीट ओढून घेतलं.